गिरगावातलं दुकान, अण्णांचं मृत्युपत्र आणि दोन्हीकडचा वकील

या प्रकरणात कायद्याचा नवा मुद्दा जवळजवळ नाही. जे आहेत ते सगळे जुने, वरच्या कोर्टांनी केव्हाच ठरवून टाकलेले. लिहावंसं वाटलं ते ज्या वकीलबाईंच्या कपाटातून हे प्रकरण बाहेर आलं त्यांच्यामुळे. गिरगाव, दादर, परळ, पार्ले इथे असे वकील अजून आहेत. एकाच घराचं लीव्ह अँड लायसन्स, दुकानाची भागीदारी, सोसायटीतली शेअर सर्टिफिकेटची बदली आणि आजोबांचं मृत्युपत्र, सगळं एकाच टेबलावर होतं. लोक त्यांना ‘आमचे वकील’ म्हणतात. त्या ‘आमचे’मध्ये नक्की कोण कोण येतं, हे एरवी कुणी विचारत नाही. इथे विचारावं लागलं.

मी यात अण्णांच्या मुलीचा वकील होतो, त्यामुळे माझी नजर अगदी तटस्थ आहे असं समजू नये. संबंधितांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वकीलबाई

बी.कॉम., मग तीन वर्षांचं एलएल.बी., मग फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी. १८९४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा मात्र त्यांनी दिली नाही. फर्ममधल्या मोठ्या व्यवहारांत आपण फक्त परिशिष्टं जुळवतो, माणूस दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ठाकूरद्वारजवळ एका पोटमाळ्यावर त्यांनी ऑफिस थाटलं. वकिलाला जाहिरात करायची परवानगी नाही, बार काउन्सिलचे नियम त्याबाबत कडक आहेत. त्यामुळे काम यायचं ते एकाने दुसऱ्याला सांगून, आणि हे सांगणं बहुतेक वेळा एकाच चाळीतल्या, एकाच गल्लीतल्या लोकांत व्हायचं.

सुरुवातीची कमाई भाडेकरारांची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी हवं आणि नोंदणी केलेलं हवं, म्हणजे दर अकरा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत. ऑनलाइन नोंदणी आली आणि हे काम एजंटांकडे गेलं. मग राहिली मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, भागीदारीचे दस्त आणि गेल्या काही वर्षांत पुनर्विकासाचे करार. बक्षीसपत्रांना तर मधे पूर आला होता. राहतं घर नवरा, बायको, मुलगा किंवा मुलीला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये झालं, आणि बरेच म्हातारे आईवडील घाईघाईने घर मुलांच्या नावावर करायला रांगेत उभे राहिले. त्यांतल्या अनेकांना वकीलबाईंनी चहा पाजून परत पाठवलं. फी गेली, पण गल्लीत त्यांचा शब्द चालू लागला तो अशाने.

दुकान

दुकान मसाले, मेतकूट, भाजणी आणि दिवाळीत फराळाचं. जागा सव्वाशे चौरस फूट, पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली. भाडेपावती अण्णांच्या एकट्याच्या नावावर, पण धंदा दोघांचा. अण्णा आणि त्यांचे मित्र, ज्यांना सगळे काका म्हणत, अशी दोघांची भागीदारी. १९९१ चा मूळ दस्त कुणा टायपिस्टने नमुना बघून बडवलेला होता. २००९ साली वकीलबाईंनी तो नव्याने केला. त्यात एक कलम घातलं की जागेचा भाडेकरूहक्क अण्णांचा, फर्मला फक्त वापराची मुभा. काकांनी सही केली. फी फर्मच्या खात्यातून गेली. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं.

२०१४ मध्ये अण्णांनी मृत्युपत्र केलं. मसुदा वकीलबाईंचा, नोंदणी केलेलं. दोन साक्षीदारांपैकी एक शेजारचे डॉक्टर, दुसऱ्या स्वतः वकीलबाई. गोरेगावचा फ्लॅट पत्नीला, दुकान मुलाला, ब्रँडचं नाव मुलीला, उरलेलं तिघांत सारखं. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, म्हणून अण्णांचे एक निवृत्त बँक अधिकारी मित्र. ब्रँडचं ट्रेडमार्क रजिस्ट्रेशन अण्णांच्या वैयक्तिक नावावर होतं. फर्मच्या नावावर का नाही, तर अर्ज भरला त्या दिवशी अण्णाच मोकळे होते म्हणून. मुंबईतल्या निम्म्या छोट्या धंद्यांचे ट्रेडमार्क अशाच कारणाने कुणाच्या तरी एकाच्या नावावर आहेत.

मुलगी लग्न मोडून माहेरी आलेली. २०१२ पासून ती रोज दुकानात बसत होती. मुलगा ठाण्याला, नोकरीत, डोक्यावर घराचं कर्ज. २०१९ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. त्याच सुमारास इमारतीच्या मालकाने मुंबईच्या विकास नियमावलीच्या (डीसीपीआर) ३३(७) खाली पुनर्विकासाची बोलणी सुरू केली होती. सेस, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत ३३(७) चा अर्थ सरळ असतो: आज पागडीने असलेली जागा उद्या मालकीची. महिना काहीशे रुपये भाड्याची जागा एकाएकी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ठरली.

काय काय अडलं

बाराव्या-तेराव्याचं आटोपल्यावर सगळे वकीलबाईंच्या पोटमाळ्यावर जमले. काकू (अण्णांच्या पत्नी), मुलगा, मुलगी, काका, एक्झिक्युटर. पाचही जणांची समजूत अशी की वकीलबाई आता ‘पुढचं बघतील’.

पहिलं म्हणजे भागीदारी संपली होती. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. वेगळं ठरवून काही फायदाही नव्हता, कारण भागीदार दोनच होते आणि एकट्याची भागीदारी होत नाही. बँकेने चालू खातं थांबवलं. जीएसटी आणि एफएसएसएआय (खाद्य परवाना) दोन्ही नोंदी फर्मच्या नावावर. माल भरलेला, कामाला सहा बायका, पगार अडकलेले.

दुसरं, फ्लॅट. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव, फार पूर्वी भरलेला फॉर्म. मृत्युपत्रात फ्लॅट काकूंना. सेक्रेटरी म्हणाले, नियमाप्रमाणे नॉमिनीच्या नावावर करतो. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मुंबईत इतका खोल गेलाय की शिकलेली माणसंही त्यावरून भांडतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सर्बती देवी प्रकरणात विम्याबाबत सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे हातात घेणारा असतो, हक्क वारसांचा. शेअर्सबाबत हाच निर्वाळा शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईच्याच प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये मिळाला. सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने नॉमिनीला तात्पुरता सभासद करायची तरतूद आली. सेक्रेटरींना ते पटवायला एक पत्र पुरलं. हा भाग सोपा होता.

तिसरं, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. त्या वेळी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम २१३ लागू होतं. मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदूच्या मृत्युपत्रावर हक्क सांगायचा तर हायकोर्टातून प्रोबेट घ्यावंच लागे. ही सक्ती २०२५ च्या अखेरीस संसदेने काढून टाकली, पण २०१९ मध्ये तिला पर्याय नव्हता.

आणि चौथं, जे त्या बैठकीत वकीलबाई सोडून कुणालाच माहीत नव्हतं: दुकानाबद्दलचं मृत्युपत्रातलं वाक्य कायद्याने निरर्थक होतं. पागडीचा भाडेकरूहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. वसंत प्रताप पंडित विरुद्ध अनंत त्रिंबक सबनीस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे स्पष्ट केलं. निकाल जुन्या १९४७ च्या भाडे कायद्याखालचा, पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ७(१५)(ड) ची भाषा तीच आहे. व्यापाराच्या जागेचा भाडेकरू वारला की त्याच्या कुटुंबातली जी व्यक्ती त्या वेळी त्याच्यासोबत ती जागा धंद्यासाठी वापरत होती, ती भाडेकरू होते. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार, आणि त्यांचं एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. अण्णांसोबत दुकानात बसत होती ती मुलगी. मुलाने दुकानात बसून एक दिवाळीही काढली नव्हती.

नकार

त्या बैठकीत वकीलबाईंनी जे केलं त्यावर त्यांच्या ओळखीतल्या वकिलांमध्ये अजून दोन मतं आहेत. त्यांनी सांगितलं की मी तुमच्यापैकी कुणाचीच वकील म्हणून उभी राहणार नाही. काकूंना वाटलं, बाई पैशांसाठी अडून बसल्या. मुलाला वाटलं, बहिणीने फितवलं. काका तर चिडलेच. तीस वर्षांच्या ओळखीचं हेच काय, म्हणाले.

पण नियम बघा. बार काउन्सिल ऑफ इंडियाचे नियम म्हणतात की ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं मानायला कारण आहे, ते वकिलाने घेऊ नये. मृत्युपत्रावर त्यांची सही होती. ते शाबीत करायला साक्षांकन करणाऱ्यांपैकी किमान एक हवा, आणि डॉक्टर तोवर आजारी होते. शिवाय एका पक्षकारासाठी काम केलेल्या वकिलाने त्याच गोष्टीत त्याच्या विरुद्ध बाजूने उभं राहायचं नाही, हाही नियम आहे. २००९ चा दस्त फर्मच्या पैशाने झाला होता. म्हणजे काकाही त्यांचे पक्षकार, आणि ज्या कलमावर काकांचं नशीब टांगलेलं ते कलम त्यांनीच लिहिलेलं.

नकार देण्याआधी त्यांनी एक मात्र केलं: एका पानाचं तात्पुरतं पत्र. धंदा चालू राहील, काका आणि मुलगी मिळून सांभाळतील, जमाखर्च अण्णांच्या मृत्यूच्या तारखेला बंद करून सीए ताळेबंद काढेल, कामाच्या बायकांचे पगार आधी, आणि या पत्रामुळे कुणाचा हक्क सिद्ध होणार नाही वा बुडणार नाही. खाली ठळक अक्षरांत: सही करण्याआधी आपापल्या वकिलाला दाखवावं. सगळ्यांनी दाखवलं. त्या पत्रावर दुकान तीन वर्षं चाललं.

माझ्या मते हा नकार दहा वर्षं आधी द्यायला हवा होता. २००९ मध्येच काकांना सांगायचं, हा दस्त तुमच्या वतीने दुसऱ्या कुणाला दाखवा. गल्लीतल्या वकिलाची अडचण मला कळते. असं म्हटलं की माणूस दुखावतो, दुसऱ्या दिवशी गल्लीत वेगळीच चर्चा. पण दोन भागीदारांचा एक वकील हे सगळं सुरळीत असेपर्यंतच चालतं, आणि दस्त तर सुरळीत नसेल तेव्हासाठीच करतात. वकीलबाईंशी यावर माझं बोलणं झालंय. त्यांचं उत्तर: तेव्हा काकांनी दस्त कुणाला दाखवला नसता, सरळ टायपिस्टकडे गेले असते.

बाजू फिरली

मुलगी माझ्याकडे आली. आम्ही पुरावे गोळा केले आणि हा भाग मला सगळ्यात आवडला. दुकानातली मुलगी म्हणजे घरकामाला मदत, असं समोरच्याचं म्हणणं येणार हे उघड होतं. मग तिच्या सहीच्या बँक स्लिपा, कुरिअरच्या पावत्या, तिच्या मोबाईलवरून गेलेल्या ऑर्डरी, मिरचीच्या व्यापाऱ्याच्या बिलांवर तिची पोच, एफएसएसएआयच्या तपासणीच्या कागदावर हजर व्यक्ती म्हणून तिचं नाव. अण्णा गेले त्या आठवड्यातल्या पावत्यासुद्धा होत्या. सात वर्षांच्या चुरगळलेल्या कागदांचं एक पोतं निघालं.

एक्झिक्युटरने दुसऱ्या वकिलामार्फत हायकोर्टात प्रोबेटची याचिका केली. मुलगा तोपर्यंत मृत्युपत्राच्या बाजूने होता, दुकान त्याला मिळत होतं ना. मग घरमालकाच्या वकिलाची नोटीस आली, तिच्यात १९९४ च्या निकालाचा उल्लेख. मुलाच्या वकिलाने त्याला समजावलं असणार. मृत्युपत्र टिकलं तर दुकान मिळणार नाही, फ्लॅट आईचा, ब्रँड बहिणीचा, त्याच्या वाट्याला फक्त उरलेल्याचा तिसरा हिस्सा. मृत्युपत्र पडलं तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी सारखे वारस, म्हणजे फ्लॅटचाही तिसरा हिस्सा त्याचा. सायटेशन, म्हणजे याचिकेची कोर्टाकडून सूचना, मिळाल्यावर त्याने कॅव्हेट, म्हणजे हरकत, लावलं. अण्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यांनी वाचलंच नाही, मसुदा करणारी आणि साक्षीदार एकच, ती फर्मची वकील, सगळं संशयास्पद. कॅव्हेट प्रतिज्ञापत्रासह आलं की याचिकेचा दावा होतो. तसा झाला.

मग कोविड. २०२० च्या मार्चनंतर कोर्टात तातडीचीच कामं. वर्षभर काही हललं नाही.

काकांनीही मधे आपला मुद्दा काढला: भाडं सगळं फर्मच्या खात्यातून गेलंय, १९९१ ची पागडीही फर्मने भरली, मग जागा फर्मची. फर्मच्या पैशाने घेतलेली मालमत्ता एरवी फर्मचीच धरतात, त्यामुळे मुद्दा पोकळ नव्हता. पण २००९ चं ते कलम आडवं यायचं. ज्या जागेत माणूस तीस वर्षं गल्ल्यावर बसला तिच्यात त्याचा कायद्याने काहीच हक्क नाही, हे काकांच्या वकिलालाही त्यांना सांगता येत नव्हतं.

फायलीतलं टिपण

वकीलबाईंना साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. त्यांच्या फायलीत २०१४ चं हाताने लिहिलेलं टिपण होतं. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, हे बंधन पक्षकार गेल्यावरही सुटत नाही. त्यांनी एक्झिक्युटरची लेखी संमती घेतली. ती पुरेशी आहे का यावर आमच्यात बराच वाद झाला. मला आजही ती जरा कच्चीच वाटते. पण कुणी हरकत घेतली नाही आणि टिपण दाखल झालं.

त्यात चार ओळी होत्या. पक्षकाराला मसुदा मोठ्याने वाचून दाखवला. दुकानाचा भाडेकरूहक्क मृत्युपत्राने देता येणार नाही हे समजावलं. पक्षकार म्हणतात, तरी लिहा. मुलाला असं वाटायला नको की बापाने त्याच्यासाठी काहीच ठेवलं नाही.

पहिल्या ओळीने मोतीबिंदूचा मुद्दा संपला. शेवटच्या ओळीने काय झालं ते सांगणं कठीण आहे. मुलाला ते मुळीच गोड लागलं नाही. बापाने जाणूनबुजून पोकळ शब्द दिला असंच त्याला वाटलं. पण दोन आठवड्यांनी त्याच्या वकिलाचा मला फोन आला आणि पहिल्यांदाच आकड्यांवर बोलणं झालं.

तडजोड २०२२ मध्ये झाली. इथे एक बारकावा आहे, नव्या वकिलांनी लक्षात ठेवावा असा. पक्षकारांच्या संमतीवर प्रोबेट मिळत नाही. मृत्युपत्र खरं आहे याची खात्री कोर्टाला स्वतंत्रपणे पटावी लागते. म्हणून मुलाने कॅव्हेट मागे घेतलं, वकीलबाईंच्या प्रतिज्ञापत्रावर प्रोबेट झालं, आणि वाटणीचा कौटुंबिक करार वेगळा केला. फ्लॅट काकूंचा. अण्णांचं फर्ममधलं भांडवल, गुडविलचा, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या किमतीचा, हिस्सा आणि मुदतठेवी, म्हणजे ‘उरलेलं’ जवळजवळ सगळं, आई आणि बहिणीने मुलाला सोडलं. दुकानाची भाडेपावती मुलीच्या नावे. घरमालकाने पावती बदलायला रक्कम मागितली, ती घासाघीस करून दिली. काका आणि मुलगी नवे भागीदार. ब्रँड मुलीचा, नव्या फर्मला वापराचा परवाना. काकांसाठी एक कलम: पुनर्विकासात दुकानाच्या बदल्यात दुसरीकडे धंदा हलवावा लागला किंवा मुलीने धंदा बंद केला, तर ठरलेल्या सूत्राने त्यांना रक्कम मिळेल. या कलमासाठी मी आणि काकांचे वकील तीन संध्याकाळी भांडलो आणि ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं.

वकीलबाईंना या सगळ्यातून फी मिळाली ती शून्य. काकांचं सगळं काम दुसरीकडे गेलं, त्यांच्या ओळखीतली आणखी चार-पाच दुकानंही. त्या आता आपण केलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करत नाहीत. भागीदारीचा दस्त करताना दुसऱ्या भागीदाराला पत्र देतात: मी तुमच्यासाठी काम करत नाही, दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. पत्रावर पोच घेतल्याशिवाय मसुदा उघडत नाहीत. काही जण हे बघून उठून जातात. मधे बिल्डरच्या माणसाने त्यांना अख्ख्या इमारतीच्या भाडेकरूंचे करार करून द्यायला विचारलं. काम मोठं होतं, आणि त्यातले निम्मे भाडेकरू त्यांचेच पक्षकार. त्यांनी नाही म्हटलं आणि भाडेकरूंना तीन वेगवेगळ्या वकिलांची नावं दिली.

पुनर्विकास अजून कागदावरच आहे. मध्यंतरी मुलगी मृत्युपत्र करायला माझ्याकडे आली होती. तिला दुकान भाचीला द्यायचं आहे. मी सांगितलं, नवी जागा मालकीची होऊन ताबा मिळेपर्यंत ते लिहिता येणार नाही. ब्रँड आणि भांडवलाचं लिहू, दुकानाचं नंतर. ती म्हणाली, मग भाचीला सुट्टीत दुकानात बसवते.